मूठभर गाळ आणि तांब्याचा माग

यवतमाळ शहराच्या पश्चिमेला, दारव्ह्याच्या वाटेवर लोहारा लागतं. उन्हाळ्यात या भागातल्या कुठल्याही नाल्यात उतरा: तळाला काळसर रेती, तिच्यात पांढऱ्या चुनखडीचे खडे, कडेला भेगाळलेली काळी माती. या नाल्यातला बारीक गाळ पिशवीत भरून प्रयोगशाळेत दिला, तर त्यात तांबं सापडेल. तेही चिमूटभर म्हणून सोडून देण्यासारखं नाही. दशलक्ष भागांत (पीपीएम) शंभराच्या आसपास, कदाचित त्याहून बरंच वर. हाच प्रयोग पूर्व विदर्भातल्या ग्रॅनाइटच्या प्रदेशातल्या एखाद्या नाल्यावर केला, तर आकडा बहुधा दहा-वीसच्या घरात राहील.

आता गंमत बघा. लोहाऱ्याच्या आसपास तांब्याची खाण नाही, होण्याची चिन्हंही नाहीत. उलट आपल्या राज्यात तांब्याच्या खनिजाच्या ज्या मोजक्या जागा माहीत आहेत, त्यांतली ठाणेवासना ही चंद्रपूर जिल्ह्यात, ग्रॅनाइटच्याच मुलखात आहे. म्हणजे जिथे गाळात तांबं भरपूर तिथे खाण नाही, आणि जिथे एरवी गाळ तांब्याविना कोरडा तिथेच खडकात तांबं दडलेलं. नदीच्या गाळावरून धातूचा माग काढणाऱ्या शास्त्राचं सगळं मर्म या कोड्यात आहे, आणि ते कोडं सुटत जातं तसतशी नाल्यातल्या चिखलाकडे बघण्याची आपली नजर कायमची बदलते.

आधी नाला काय काम करतो ते पाहू. पाऊस पडतो, उतारावरची माती सुटते, खडकाचे कण सुटतात, सगळं ओघळांतून नाल्यात येतं. नाल्याच्या एका जागी उभं राहून आपण जो गाळ उचलतो, तो त्या जागेचा नसतोच. त्या जागेच्या वर जितकं पाणलोट क्षेत्र आहे, त्या सगळ्या टेकड्या, सगळी शेतं, सगळी माळरानं यांचा थोडा थोडा अंश त्या मुठीत आलेला असतो. चार चौरस किलोमीटर रान पायी तुडवून, दर दहा पावलांवर माती घेऊन, ती एकत्र कालवून सरासरी काढायची म्हटली तर किती माणसं आणि किती महिने लागतील? पावसाने ते काम दर वर्षी आपसूक करून ठेवलेलं असतं. आपण फक्त योग्य जागी उतरायचं.

तांबं खडकातून नाल्यात येतं कसं, हा प्रवास तर फारच सुरेख आहे. तांब्याचं मुख्य खनिज चाल्कोपायराइट: तांबं, लोखंड आणि गंधक यांचं संयुग, रंगाने जर्द पितळी, वजनाने जवळपास ३५ टक्के तांबं. जमिनीखाली हवा-पाणी लागत नाही तोवर ते लाखो वर्षं तसंच राहतं. धूप होऊन खडक उघडा पडला की ऑक्सिजन आणि पाणी त्याला भिडतात, गंधकाचं आम्ल तयार होतं, आणि त्या आम्लात तांबं विरघळतं. भोवतालच्या खडकात कार्बोनेट असलं तर तिथल्या तिथे मॅलाकाइटचा हिरवा थर धरतो. जुन्या काळचे खाणकरी हा हिरवा डाग पाहूनच थांबायचे. पण पुष्कळदा असा डाग माती आणि झाडोऱ्याखाली झाकलेला असतो, आणि विरघळलेलं तांबं मात्र पाझराच्या पाण्याबरोबर गुपचूप खाली निघालेलं असतं.

ते फार लांब जात नाही. पाण्याचं आम्ल कमी होत गेलं, सामू सहाच्या वर चढला, की तांब्याला पाण्यात राहवत नाही. ते चिकटायला जागा शोधतं: चिकणमातीचे कण, सडलेला पाला, आणि सगळ्यांत आवडती जागा म्हणजे लोह-मँगनीजच्या ऑक्साइडचा तो काळपट-तपकिरी लेप, जो नाल्यातल्या गोट्यांवर बसलेला आपण लहानपणापासून पाहत आलो. नख लावलं तर तो थोडा सुटतो. त्या लेपात धातू अडकून बसलेले असतात. विदर्भातल्या काळ्या मातीचा सामू आठच्या आसपास असतो, तिच्यात चुनखडी मिसळलेली असते. म्हणून आपल्याकडे तांबं पाण्यात विरघळून मैलोन्‌मैल वाहत नाही. बारीक कणांच्या पाठीवर बसून ते पूरपाण्यात पुढे सरकतं. शोध घेणाऱ्याला पाणी तपासून फारसं हाती लागणार नाही. गाळच तपासायला हवा, आणि गाळातलाही सगळ्यात बारीक भाग.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही १८५१ साली स्थापन झालेली संस्था. तिच्या मध्य विभागाचं कार्यालय नागपुरात सेमिनरी हिल्सवर आहे. या संस्थेने २००१ पासून देशाच्या भू-रासायनिक नकाशाचं काम हाती घेतलं. पद्धत अशी: टोपोशीटवर, म्हणजे भूभागाच्या तपशीलवार नकाशावर, एक किलोमीटर बाय एक किलोमीटरचे चौकोन आखायचे, प्रत्येक चौकोनातल्या लहान नाल्याचा गाळ घ्यायचा, आणि शेजारच्या चार चौकोनांचे नमुने एकत्र करून दोन बाय दोन किलोमीटरमागे एक नमुना तपासणीला पाठवायचा. ज्या चौकोनात नाला नाही तिथे उतारावरून वाहून आलेली माती घ्यायची. लोहारा आणि यवतमाळ शहर ज्या शीटवर येतं तिचा क्रमांक ५५ एल/३. अशी एक शीट आपल्या अक्षांशावर सव्वासातशे चौरस किलोमीटरच्या आसपास असते. म्हणजे एका शीटसाठी सातशेहून अधिक जागी कुणीतरी चालत जायचं, वाकायचं, आणि गाळ उचलायचा. त्यातून एकशे ऐंशीच्या घरात नमुने तयार होतात, आणि त्या प्रत्येकात साठाहून जास्त मूलद्रव्यं मोजली जातात.

हे वाकण्याचं काम वाटतं तितकं सोपं नाही. नाल्याचा काठ चालत नाही, कारण काठाची दरड तिथल्या तिथे ढासळलेली असते. ती फक्त त्या शेताची माती, वरच्या पाणलोटाची नव्हे. मधला, पाणी खरोखर वाहतं तो पट्टा हवा. पुलाखाली आणि मोरीजवळ घेऊ नये, तिथे सिमेंट, लोखंड, गाड्यांचं तेल. गावाच्या खालच्या अंगालाही नको. दोन नाले मिळतात तिथे संगमावर तर मुळीच नाही, कारण पुरात मोठ्या नाल्याचं पाणी लहान नाल्यात उलटं शिरतं आणि गाळ मिसळून जातो. संगमापासून चांगलं वर जायचं. मग तिथेही एकाच जागेवरून न घेता तीसएक पावलांच्या पट्ट्यात पाच-सात ठिकाणी थोडं थोडं घ्यायचं: गोट्यांच्या आडोशाला, वळणाच्या आतल्या बाजूला, जिथे पाणी मंदावून बारीक कण टाकून जातं. उन्हात वाळवायचं, ढेकळं लाकडी मुसळीने हलकेच फोडायची, चाळायचं. १२० मेशच्या चाळणीतून, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढ्या भोकांतून जे खाली पडतं तेच खरं. ते बोटांत चोळलं तर रेती लागत नाही, पिठासारखं लागतं. उरलेली रेती तिथेच सोडायची. हे सगळं पाहणारा एखादा गुराखी हटकून विचारणारच, ‘काऊन जी, रेती मोजून राह्यले काय?’ विदर्भात नाल्यात उतरलेला अनोळखी माणूस रेतीसाठीच आला असणार, हा समज काही आजचा नाही.

चाळणी नायलॉनची असते. यामागचं कारण कळलं तेव्हा या शास्त्राचा नेमकेपणा मला पहिल्यांदा खरा जाणवला. बाजारात पितळी जाळीच्या चाळण्या मिळतात, मजबूत असतात. पण पितळेत साठ-पासष्ट टक्के तांबंच. चाळताना जाळी घासून एक मिलिग्रॅम पितळ, डोळ्यांना दिसणारही नाही एवढं, दहा ग्रॅम नमुन्यात पडलं, तर नमुन्यातलं तांबं एकदम साठाहून जास्त पीपीएमने वाढतं. ग्रॅनाइटच्या प्रदेशात एवढ्या वाढीवर शोधमोहीम निघेल. म्हणून बोटातली अंगठी आणि हातातलं कडं आधी काढून ठेवायचं. दर काही नमुन्यांमागे एकाच जागेचा दुसरा नमुना वेगळ्या क्रमांकाने पाठवायचा, म्हणजे प्रयोगशाळेची आणि आपलीही परीक्षा होते.

माणसाने टाकलेलं तांबं हा तर आपल्या भागातला मोठाच प्रश्न. संत्र्याच्या बागा असलेल्या विदर्भात बोर्डो मिश्रण कुणाला माहीत नाही? मोरचूद आणि चुना. फ्रान्समधल्या बोर्दोच्या द्राक्षमळ्यांत १८८५च्या सुमारास या मिश्रणाचा बुरशीवरचा गुण शास्त्रीय रीतीने मांडला गेला, आणि आज आपल्याकडे पावसाळ्याच्या आधी-नंतर संत्र्याच्या बुंध्याला त्याचीच पेस्ट लावतात. एक टक्का बोर्डोसाठी शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद लागतं. मोरचूदात एक चतुर्थांश तांबं, म्हणजे अडीचशे ग्रॅम. वर्षानुवर्षं फवारणी होत गेली की बागेच्या वरच्या मातीत तांबं साठतं, आणि पावसात थोडं थोडं नाल्यात उतरतं. नमुना घेणाऱ्याच्या वहीत म्हणूनच ‘वरच्या अंगाला बाग’ ही नोंद खडकाच्या नावाइतकीच महत्त्वाची. ती राहिली तर कार्यालयात बसलेला माणूस नकाशावरचा लाल ठिपका पाहून खाण समजेल.

आता लोहाऱ्याच्या खडकाकडे वळू. यवतमाळच्या पठारावर पायाखाली दख्खनचा काळा कातळ आहे, बेसाल्ट. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आसपास लाव्हाचे थरावर थर पसरले, आणि आजही त्यांनी जवळपास पाच लाख चौरस किलोमीटर भूभाग झाकलेला आहे. तो लाव्हा खोल पृथ्वीच्या प्रावरणातून वर आला, आणि येताना तांबं घेऊन आला. दख्खनच्या बेसाल्टमध्ये तांब्याचं प्रमाण साधारणपणे शंभर ते दोनशे पीपीएम, काही थरांत त्याहून जास्त. पीपीएम म्हणजे टनाला ग्रॅम. तेव्हा लोहाऱ्याच्या रस्त्यावर टाकलेल्या एका टन काळ्या गिट्टीत शंभर-दोनशे ग्रॅम तांबं आहे, देवघरातल्या तांब्याच्या पंचपात्राएवढं. मघाच्या शंभर लिटर बोर्डोत त्याहून जास्त होतं, हेही ध्यानात ठेवा.

पण ते काढता येत नाही. बेसाल्टमधलं तांबं सगळीकडे सारखं पसरलेलं असतं, खनिजांच्या स्फटिकांत अणू-अणूने शिरलेलं, कुठे सल्फाइडच्या सूक्ष्म ठिपक्यांत. खाणीसाठी एका टनात निदान तीन-चार किलो, चांगल्या खाणीत दहा किलो तांबं लागतं, आणि तेही वेगळं करता येईल अशा खनिजाच्या रूपात. शंभर पीपीएमवरून दहा हजार पीपीएमवर जायचं तर निसर्गाने शंभरपट गोळा करावं लागतं. हे गोळा करण्याचं काम जमिनीखालचं गरम, खारट पाणी करतं: खडकाच्या मोठ्या पट्ट्यातून ते धातू धुऊन घेतं आणि एखाद्या भेगेत, थंड जागी, नेमकं तिथेच टाकतं. अमेरिकेत मिशिगनच्या कीवीनॉ भागात एक अब्ज दहा कोटी वर्षं जुन्या बेसाल्टमध्ये असंच घडलं, शुद्ध तांबं खडकाच्या पोकळ्यांत भरलं, आणि १८४०च्या दशकापासून शंभर वर्षांहून जास्त काळ तिथे खाणी चालल्या. दख्खनच्या बेसाल्टमध्येही शुद्ध तांब्याचे कण क्वचित सापडल्याच्या नोंदी आहेत. आपल्या कातळाच्या पोकळ्या मात्र स्टिल्बाइट, अपोफिलाइट अशा खनिजांनी भरल्या, तांब्याने नाही.

तर लोहाऱ्याच्या गाळातले शंभर-दीडशे पीपीएम ही बातमी नाही. ती त्या खडकाची नेहमीची पातळी आहे, भूरसायनाच्या भाषेत पार्श्वभूमी. आणि खाणीचा माग काढायचा तर आकडा किती हे विचारून भागत नाही. या खडकावर तो नेहमी किती असतो, आणि इथे त्याहून किती चढला, हे विचारावं लागतं.

हे हिशेबाने पाहू, म्हणजे त्याची धार कळेल. समजा एखाद्या टेकडीवर दहा एकरांच्या तुकड्यात खनिज उघडं पडलंय आणि तिथल्या मातीत पाच हजार पीपीएम तांबं आहे. दहा एकर म्हणजे चार हेक्टर. नाल्यावर अशी जागा घेतली की जिच्या वर चारशे हेक्टर पाणलोट आहे. खनिजाची माती तिथे शंभरातला एक भाग उरते, म्हणजे गाळात साधारण पन्नास पीपीएमची भर पडते. ग्रॅनाइटच्या प्रदेशात नेहमीचे वीस असतील तर तिथे सत्तर दिसतील, आणि सत्तर पाहून कुणीही ताडकन उठेल. पाणलोट चार हजार हेक्टर झालं की भर पाचवर येते: पंचवीस. संशय घ्यावा की न घ्यावा, अशी स्थिती. आता हीच दहा एकरांची जागा बेसाल्टवर आणून ठेवा. नेहमीचं प्रमाणच शंभर ते दोनशेच्या दरम्यान हेलकावे खातं, त्यात पन्नासची भर कुठे दिसणार? या हिशेबाला हर्बर्ट हॉक्स या अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञाने १९७६ साली सूत्ररूप दिलं. सूत्र दोन ओळींचं आहे. पण लहान नाले सोडून मोठ्या नदीत नमुने घेण्यात अर्थ का नाही, हे त्यातून स्वच्छ दिसतं. पैनगंगेच्या पात्रातला गाळ हजारो चौरस किलोमीटरची खिचडी आहे. तिच्यातून एका टेकडीची चव लागणार नाही.

मग बेसाल्टच्या मुलखात माग लागतच नाही का? लागतो, पण एकट्या तांब्यावरून नाही. तांब्याबरोबर आणखी कोण आलंय ते पाहायचं. बेसाल्टमधून सुटलेलं तांबं टायटॅनियम, व्हॅनेडियम, क्रोमियम, निकेल यांच्यासोबत चढतं आणि त्यांच्यासोबतच उतरतं, कारण ही सगळी एकाच लाव्हाची. गरम पाण्याने आणून टाकलेल्या तांब्याबरोबर वेगळी मंडळी असतात: चांदी, मॉलिब्डेनम, बिस्मथ, आर्सेनिक, कधी सोनं. एखाद्या नाल्यात टायटॅनियम जागच्या जागी आहे आणि तांबं चढलंय, सोबत मॉलिब्डेनमही हललंय, तर ते तांबं त्या लाव्हाचं नव्हे. साठ-साठ मूलद्रव्यं मोजण्यामागे हे कारण आहे. आणि जर फक्त तांबंच चढलंय, बाकी सगळं शांत, तर आधी वर संत्र्याची बाग आहे का ते बघावं.

आकडा खरंच वेगळा ठरला, की पुढचं काम पायांचं. जिथे चढ दिसला तिथून नाल्याने वर चालायचं. पहिला संगम आला, दोन्ही फाट्यांतून नमुना घेतला. एका फाट्यात तांबं नेहमीचं, दुसऱ्यात आणखी चढलेलं. पहिला फाटा सोडून दिला. पुढे दुसरा संगम, पुन्हा तेच. दर संगमाला निम्मं रान वगळलं जातं. असे आठ संगम पार केले की सुरुवातीच्या पाणलोटाचा अडीचशेवा भाग उरतो. वर जाताना आकडा चढत जातो, आणि एका जागी पटकन खाली येतो. त्या जागेच्या नुकतं खाली, उजव्या किंवा डाव्या उतारावर उगम असतो. मग मातीचे नमुने, मग खड्डे, विद्युत सर्वेक्षण, आणि शेवटी ड्रिलिंग. ड्रिलिंगचा खर्च प्रचंड. गाळाच्या पिशवीची किंमत त्यापुढे काहीच नाही, आणि म्हणून सगळी शोधयात्रा तिथूनच सुरू होते.

या रीतीने जगातले मोठाले साठे सापडले. पापुआ न्यू गिनीतलं बूगनव्हिल बेट हे त्यातलं ठळक उदाहरण. घनदाट जंगल, तीव्र चढ, धो धो पाऊस. खडक उघडा दिसणंच दुर्मीळ. १९६४ साली केन फिलिप्स हे भूवैज्ञानिक तिथल्या नद्यांचा गाळ तपासत पांगुना खोऱ्यापर्यंत पोचले आणि तांब्याचा एक अवाढव्य साठा उजेडात आला. १९७२ला उत्पादन सुरू झालं. पण ही हकिगत इथे थांबवली तर ती अर्धवट राहील. ज्या कावेराँग आणि जाबा नद्यांच्या खोऱ्यात तो माग लागला, त्याच नद्यांत पुढे एक अब्ज टनांहून अधिक खाणकचरा सोडला गेला. पात्रं भरून आली, शेतं आणि मासे गेले, लोक उठले, आणि १९८९ला खाण बंद पडली. त्यातून पेटलेल्या संघर्षात हजारो माणसं मेली. नदी काय सांगते ते ऐकण्याची कला माणसाला साधली, नदीचं काय करायचं याची जबाबदारी मात्र त्याने पाळली नाही. तांब्याच्या शोधाबद्दल लिहिणाऱ्याने हे सांगितलंच पाहिजे, असं मला वाटतं.

आपल्याकडे शोधाची परंपरा जुनी. कौटिलीय अर्थशास्त्रात खाणींवर देखरेख करणाऱ्या आकराध्यक्षाचं काम सविस्तर दिलंय: जुनी खाण ओळखायची तर धातूची मळी, फुटक्या मुशी, कोळसा, राख यांच्या खुणा पाहाव्यात, नवी शोधायची तर मातीचा, दगडाचा आणि पाझराचा रंग, वास, चव पारखावी. जमिनीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात आतल्या धातूची खबर असते, ही समज तेव्हाही होती. मोजण्याचं साधन नव्हतं.

ठाणेवासनाचं तांबं कसं आहे हेही पाहायला हवं, कारण लोहाऱ्याशी त्याची तुलना डोळे उघडणारी आहे. पोंभुर्णा तालुक्यातला हा भाग बस्तर क्रेटॉन नावाच्या फार प्राचीन भूखंडाच्या पश्चिम कडेला येतो. दख्खनचा लाव्हा वाहिला तेव्हा इथला ग्रॅनाइट अब्जावधी वर्षांचा म्हातारा झालेला होता. त्या ग्रॅनाइटमधून भूकवचाच्या हालचालींनी पिचलेला एक पट्टा जातो. पिचलेल्या खडकात गरम पाणी शिरलं, खडकाचं क्लोराइट झालं, क्वार्ट्झच्या शिरा भरल्या, आणि त्यांत चाल्कोपायराइट बसलं. सोबत लोहाची ऑक्साइडं, बॅराइट आणि किंचित सोनं. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अभ्यासकांनी या जागेबद्दल बरंच लिहिलं आहे, आणि लोह-ऑक्साइड, तांबं, सोनं एकत्र येणाऱ्या जागतिक प्रकाराशी त्याचं नातं जोडलं आहे. नागपूर जिल्ह्यात पुल्लर-परसोडीलाही तांब्याचं खनिज आहे. आणि राज्याच्या सीमेपलीकडे, बालाघाट जिल्ह्यात, मलाजखंडला ग्रॅनाइटमधल्या क्वार्ट्झच्या मोठ्या कण्यात इतकं तांबं निघालं की हिंदुस्थान कॉपरची सगळ्यात मोठी खाण तिथे उभी राहिली, १९८२ साली.

तिन्ही ठिकाणं नकाशावर पाहिली तर एक गोष्ट ठळक दिसते. दख्खनचा काळा कातळ जिथे संपतो, त्याच्या पूर्वेला ती आहेत. यवतमाळ जिल्ह्यातही वणी, मारेगाव, झरी-जामणीकडे कातळ विरळ होत जातो आणि खालचे चुनखडक, वालुकाश्म, कोळसा वर येतात. कातळाची ही किनार ओलांडली की गाळाचा अर्थ लावायची मोजपट्टीच बदलायला हवी. दोन्हीकडच्या नाल्यांना एकच उंबरठा लावला, तर पश्चिमेचा सगळा यवतमाळ लाल दिसेल आणि पूर्वेची खरी खूण हिरव्यात बुडून जाईल. लोहारा ते ठाणेवासना हे अंतर सरळ रेषेत दीडशे किलोमीटरहून जास्त. पण लोहाऱ्याच्या परिसरातलं पाणी शेवटी वर्धेला मिळतं, वर्धा-वैनगंगा एक होऊन प्राणहिता बनते, आणि ठाणेवासनाचा ओघळही तिथेच येतो. सिरोंच्याजवळ प्राणहितेच्या वाळूत कातळाचं तांबं आणि ग्रॅनाइटच्या भेगेतलं तांबं शेजारी शेजारी पडलेलं असतं. तिथे मात्र ते वेगळं ओळखायला कुणालाही उशीर झालेला असतो.

गाळावरून बनलेल्या या भू-रासायनिक नकाशांचा उपयोग खाणीपुरता नाही. त्याच गाळात जस्त किती, सेलेनियम किती, फ्लोरिन किती हेही निघतं. झरी-जामणी आणि पांढरकवड्याकडच्या गावांनी पाण्यातल्या फ्लोराइडचा त्रास पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. दात डागाळतात, हाडं वाकतात. कापसाच्या पट्ट्यात जस्ताची कमतरता शेतकऱ्यांना ठाऊक आहे. तांब्यासाठी घेतलेली पिशवी या प्रश्नांनाही हात घालते, आणि माझ्या मते आपल्या जिल्ह्यासाठी तिची किंमत तांब्याहून त्यातच जास्त आहे.

एक अडचण मात्र दिवसेंदिवस वाढते आहे. जलयुक्त शिवारमध्ये नाल्यांचं खोलीकरण आणि रुंदीकरण झालं, होत आहे. २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनेत तलावातला गाळ उचलून शेतांवर पसरला जातो. पाण्यासाठी आणि जमिनीच्या कसासाठी ही कामं हवीतच, त्याबद्दल वाद नाही. पण खाली वाहून गेलेला गाळ ट्रॅक्टरने पुन्हा वर गेला, की नाला आणि उतार यांच्यातला जुना हिशेब तुटतो. यापुढे त्या नाल्यातल्या मुठीत वरच्या टेकडीची खबर निर्भेळ राहणार नाही.

म्हणून एक विनंती, यवतमाळच्या आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांच्या भूगोल, भूशास्त्र आणि रसायनशास्त्र विभागांना, आणि गावच्या शिक्षकांनाही. तुमच्या शिवारातल्या नाल्यावर पोकलेन उतरण्याआधी, पात्राच्या मधोमध पाच-सहा जागचा दोन किलो गाळ घ्या. वाळवा, कापडी पिशवीत भरा, आत कागदावर पेन्सिलीने गाव, नाला, तारीख, अक्षांश-रेखांश, आणि वर बाग किंवा वस्ती असेल तर तीही लिहा. शाईने लिहू नका, ओलीत पसरते. सर्वेक्षणाचे भू-रासायनिक आकडे डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडाराच्या संकेतस्थळावर पाहता येतात. आपली शीट तिथे उघडा आणि आपल्या नाल्याचं तांबं शेजारच्या खडकावरच्या तांब्याशी ताडून पाहा. तपासणीला पैसे आज नसले तरी पिशवी जपून ठेवा. कोरड्या जागी ठेवलेला गाळ पन्नास वर्षांनीही तपासता येतो.